सरांच्या कपाळावरचं कुंकू

सरांच्या फोटोला कुंकू लावलं तेव्हा डबी माझ्या हातात होती.

कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभेची तयारी चालली होती. माजी विद्यार्थी म्हणून मी फोटोचा हार सरळ करत होतो. विभागप्रमुख आले, माझ्या हातात डबी दिली, "धर जरा" म्हणाले, आणि बोट बुडवून सरांच्या कपाळावर ठसठशीत टिळा ओढला. मग डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्याकडे वारलेल्या माणसाच्या फोटोला असंच करतात.

सरांच्या घरी करत नाहीत. सरांच्या आईबापांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात टिळा नाही, आरती नाही, देव्हारा नाही. हे मला ठाऊक होतं. माझ्याही घरात तेच. पण माझं कॉलेजात आता कुणाला माहीत नव्हतं. माझं आडनाव कुठेही खपतं, आणि मी ते खपवत आलो.

मी डबीचं झाकण लावलं. हार आणखी सरळ केला.

सर आम्हाला खाणकाम शिकवायचे. मी दुसऱ्या वर्षाला असताना तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक यादीत माझ्या नावापुढची राखीव जागा बघून म्हणाले, "तू कशाला घाम गाळतोस? तुम्हाला तर सगळं आयतंच मिळतं." शेजारची पोरं फिदीफिदी हसली. मी तसाच उठलो, खोलीवर गेलो नाही, थेट शहराबाहेर वाडी नाक्याला गेलो. तिथे माझा बाप ट्रान्सपोर्टच्या गोदामात ट्रक भरायचा. मीही पोती उचलायला लागलो. कॉलेज संपलं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी ट्रकांच्या रांगेतून सरांची स्कूटर आली. सर धुळीनं माखलेले.

"काहून गा, मास्तर बदलला काय?"

"सर, मले नाही जमत तिथं."

"जमत नाही का लाज वाटून राहिली? बस मागं."

बापानं माझ्या पाठीवरचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं. मी स्कूटरवर बसलो.

सर मला खाणीत घेऊन गेले. कोळशाच्या खाणीत छताला चाल म्हणतात. पुढे पाऊल टाकायच्या आधी ती ठोकून बघायची. सरांनी माझा एक हात चालीवर टेकवला, दुसऱ्या हातात सळई दिली. "ठोक. पोकळ असली तं बोटाले कळते."

"कळल्यावर?"

"ओरडाचं. साहेबाची वाट नाही पाहाची. तू चूप बसला तं मागचे दबतीन."

मी इंजिनिअर झालो तो त्या माणसामुळे. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी जेवलो, त्यांचे जुने बूट घालून मुलाखतीला गेलो. खाणीतलं सगळं शिकलो. बाकीचं शिकलो नाही. त्या परीक्षकाचं वाक्य पुन्हा कधी ऐकायचं नव्हतं, म्हणून मी कोण आहे हे सांगणंच बंद केलं. सर मात्र भर वर्गात "जय भीम" म्हणून आत यायचे.

शोकसभेच्या आदल्या दिवशी काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला होता.

"बाबू, सभेत बुद्धवंदना ठेवून राहिले ना गा तुम्ही लोक?"

मी म्हटलं, "काकू, कॉलेजचा कार्यक्रम आहे. सगळ्यांचा असतो."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवून दिला. मी विभागप्रमुखांना विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं असतं, आणि मला तेच नको होतं.

सभा सुरू झाली. काकू पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत. त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग मान खाली घातली ती वर केलीच नाही.

प्रमुख पाहुणे खाणीतले निवृत्त मोठे अधिकारी. गहिवरून बोलत होते. म्हणाले, "सर त्यांच्यातले कधी वाटलेच नाहीत हो! किती स्वच्छ, किती शिस्तीचे!"

हॉलमध्ये माना हलल्या. माझीही हलली. सवयीनं. सरांच्या बायकोसमोर.

आणि मला माझीच शिसारी आली.

"आता सरांचे लाडके विद्यार्थी दोन शब्द बोलतील," विभागप्रमुखांनी पुकारलं. मी स्टेजवर चढलो. माइककडे गेलो नाही, फोटोकडे गेलो. रुमालानं कुंकू पुसायला लागलो. कोरड्या रुमालानं ते पसरलं. सरांचं अख्खं कपाळ लाल झालं. पाण्याची बाटली रुमालावर उपडी केली, उरलेलं शर्टाच्या बाहीनं पुसलं.

"अरे, काय करतोयस?" विभागप्रमुख उठून उभे राहिले.

मी माइक धरला.

"सर बौद्ध होते. मीही बौद्ध आहे. कुंकवाची डबी मीच धरली होती. काकूंना वंदनेला नाही म्हणणाराही मीच. आणि पाहुणेसाहेब, सर आमच्यातलेच होते. स्वच्छ होते ते आमच्यातलेच होते. जय भीम."

मी वंदनेतलं त्रिशरण म्हणायला लागलो. काकू उठल्या. मागून काही जण उठले. बरेच जण बसून राहिले, काहींनी मोबाइल काढले.

बाहेर विभागप्रमुखांनी मला गाठलं. "आधी सांगितलं असतंस तर केलं असतं रे आम्ही. तमाशा कशाला?" आधी सांगायला हवं होतं, ते मीच.

काकू रिक्षात बसत होत्या. मी पाया पडायला वाकलो. त्यांनी हात धरून मला उभं केलं.

"हे ते जित्ते होते तवा बोलाचं होतं, बाबू. त्यायले आयकाचं होतं."

रिक्षा गेली.

काकूंचं खरं आहे. सरांच्या कानावर जायचं राहून गेलं. ते भरून निघणार नाही, आणि कुणी माझी समजूत घालू नये. पण बाकीचे जिवंत आहेत. ऑफिसातले आहेत. सोसायटीतले आहेत. त्यांच्यात बसून मी आमच्याच लोकांवरचे विनोद ऐकले, वर टाळ्याही दिल्या. सोमवारी ते सगळे भेटतील. आता त्यांना ऐकावं लागेल. माझ्या तोंडून, मोठ्यानं, त्यांना नको असलं तरी.