भांडुपचे स्नोबर्ड

"आई, तुम्ही दोघं स्नोबर्ड व्हा ना!" कॅनडातून लेक फोनवर ओरडली आणि आमचा नवरा-बायकोचा पंधरा दिवसांचा अबोला फटकन मोडला.

हे रिटायर झाले आणि म्हणाले, आता कायमचं गावी, मालवणकडे. मी म्हटलं, खुशाल जा, मी भांडुप सोडायची नाही! नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण, सगळं उरकून आत्ता कुठे भजनी मंडळ मिळालं होतं मला.

तर लेकीच्या शेजारचं म्हातारं जोडपं थंडी पडली की फ्लोरिडाला पळतं, बर्फ वितळला की परत येतं. तिकडे अशा रिटायर माणसांना स्नोबर्ड म्हणतात. यांना चेवच आला. मोबाईलवर शोधून मोठ्याने वाचायला लागले. मुळात तो हिवाळ्यात दिसणारा चिमुकला पक्षी. मग थंडीपुरतं खाणं-कपडे मिळावेत म्हणून सैन्यात शिरून उन्हाळ्याआधी पळणाऱ्या शिपायांना ते नाव पडलं, मग हिवाळ्यात कामासाठी दक्षिणेला जाणाऱ्या मजुरांना, आणि शेवटी पेन्शनरांना.

"म्हणजे आधी पळपुटे, मग आपण!" मी म्हटलं. हे खो खो हसले. आपल्याकडे बर्फ कुठला? पावसावर ठरवलं. दिवाळी झाली की गाव, पाऊस आला की भांडुप. झकास! मनात मात्र मी पक्की होते, महिन्याभरात कंटाळतील आणि आपणहून परत फिरतील.

गावी पोचलो आणि हे लहान पोर झाले. विहीर काय उपसली, अंगण काय चोपलं! शेजारीण रोज कुंपणावरून विचारायची, "कधी जातलास?" हे छाती काढून सांगायचे, "पाऊस इल्यार!" पाऊस आल्यावर, म्हणजे थेट जूनमध्ये.

दहाव्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आले, तर हे गोणीत नारळ भरून तोंड सुतळीने शिवत बसलेले. बाजूला कोकमांची पिशवी बांधून तयार.

"गाडी संध्याकाळची ना गं?"

नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश, उद्या सकाळी मी भांडुपला! शब्द अगदी जिभेवर आला होता.

"कसली गाडी?" मी विचारलं.

यांचा हात थांबला. ओशाळून म्हणाले, "अगं, गणपतीला दहा दिवस, मे महिन्यात दहा दिवस. जन्मभर तेवढीच रजा मिळाली. त्यापुढे इथे कधी राहिलोच नाही. हात आपोआप गोणीकडे गेला बघ."

मला भडभडून आलं. आत गेले, विळा आणला आणि टराटरा सुतळी कापून टाकली.

"दोन नारळ फोडा," मी म्हटलं, "आंबोळ्या करते."

तेवढ्यात शेजारीण कुंपणाशी आली. गोणी बघून तिने नेहमीचंच विचारलं. यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाऊस इल्यार," मी सांगितलं.