तिच्या नंबरवरून

आमच्या मुलुंडच्या वाचनालयाचे निरोप सभासदांना माझी बायको तिच्या मोबाईलवरून पाठवत असे. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’ असं तिनं कधी लिहिलं नाही. ‘दिवाळी अंक आलेत. गेल्या वर्षीचे कोणाच्या पलंगाखाली असतील तर तेही येऊ द्यात,’ असं लिही. कुकर चढवला की निरोप धाडायचा, ही तिची वेळ. आम्ही पानावर बसेपर्यंत उत्तरं यायला लागत. ती मला वाचून दाखवता दाखवता तिचा भात निवून जाई.

ती गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. मी माझ्या मोबाईलवर सभासदांची यादी केली, दोनदा खाडाखोड करून निरोप लिहिला, पाठवला; ईमेलही केला. एकही उत्तर आलं नाही. शनिवारच्या पुस्तकगप्पांसाठी मांडलेल्या खुर्च्या तशाच उचलून ठेवल्या. मला वाटलं, माझी भाषाच रुक्ष.

कार्यवाह बाईंनी माझा मोबाईल हातात घेऊन पाहिला. ईमेल तर कोणी उघडतच नाही, त्या म्हणाल्या. आणि व्हॉट्सॲपवर असा एकगठ्ठा निरोप, ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो.

“काका, काकूंचा नंबर सगळ्यांकडे आहे. तुमचा कोणाकडेच नाही.”

मग जरा अडखळत त्यांनी सुचवलं, काकूंच्याच मोबाईलवरून पाठवत जा.

तो मी बंद केला नव्हता. रोज चार्जिंगला लावत होतो, कशासाठी ते ठाऊक नसताना. त्यावरून निरोप गेला आणि जेवणाच्या वेळी तो वाजू लागला. शनिवारी खुर्च्या भरल्या. पण मला ओढ लागली ती दुपारची. मुलुंडमधल्या कितीतरी घरांत या घटकेला तिचं नाव उजळत असेल, असं मनात येई आणि घास गोड लागे. मी तिच्यासारखी छोटी वाक्यं लिहू लागलो. आलेली उत्तरं मोठ्यानं वाचू लागलो.

एक वयस्क सभासद बाई बरेच महिने लेकीकडे नाशिकला होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं. ‘ताई, तुमचे निरोप परत सुरू झाले. बरं वाटलं,’ असं त्यांनी लिहिलं. मी ‘मलाही’ एवढंच लिहिलं. मग त्या गुडघ्यांविषयी, नातवाविषयी लिहू लागल्या. एके दिवशी त्यांनी फोनच केला. मी उचलला.

“ताई आहेत का?”

मी सांगितलं. पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं, ते कोणीतरी बंद केलं.

“मग इतके दिवस मी कोणाशी बोलत होते हो?”

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या नंबरवरून मी शेवटचा निरोप लिहिला. ती आता नाही. इथून पुढे निरोप माझ्या नंबरवरून येतील, तो खाली दिलाय, सेव्ह करावा. लिहून झाल्यावर तसाच बसून राहिलो. हे पाठवलं की दुपारी कोणाच्याच घरी तिचं नाव येणार नव्हतं. ताट वाढलेलं होतं. पाठवलं.

माझ्या मोबाईलवर पहिलं उत्तर त्याच बाईंचं आलं. ‘सेव्ह करतेय. नाव काय टाकू?’

मी माझं नाव लिहिलं, पुसलं. मग लिहिलं, ‘ताईंचे मिस्टर.’