एका बाकावरचे पाच जण

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात ना, तसं ते. टाकवत नाहीत, आणि उपयोग तरी काय! आमच्या फुटबॉल टीमचे इतके झालेत की हल्ली मी एकटाच ते उतरवतो, पुसतो आणि परत वर ठेवतो. ज्यांना सांगून मजा यायची ते पाच जण पांगले. त्यातला बाबल्या तर पार वरच गेला. म्हणून म्हटलं, लिहून टाकू. मॅट्रिक नापास माणसाचं लिहिणं आहे, ऱ्हस्वदीर्घाकडे बघू नका, बॉलकडे बघा!

*

भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत आम्ही सहा जण. अनवाणी खेळायचो. मॅट्रिकचा निकाल लागला, पाच पास, एक नापास. तो एक मी. गणितात अकरा मार्क!

मी म्हटलं, "बघा, पूर्ण टीम मिळाली!" कुणी हसलं नाही.

त्या पाचांना घाटकोपरच्या बाजूच्या एका कॉलेजने फुटबॉलसाठी उचललं. नाव सांगत नाही, अजून उभं आहे बिचारं. मला आग्रा रोडवरच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट मिळाली.

आता कॉलेजात नियम असा, की पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर टीमकडून खेळता येणार नाही. आणि मैदान मिळायचं फक्त सकाळी, नेमकं तासांच्या वेळेला. म्हणजे तासाला बसलात तर प्रॅक्टिस नाही, आणि प्रॅक्टिस केलीत तर खेळायला परवानगी नाही!

जिमखान्याचे मेंडोन्सा सर म्हणाले, "मला काही माहीत नाही, मला काही सांगू नका, पण कप पायजे!"

तेव्हा सुऱ्या, आमचा सेंटर फॉरवर्ड, माझ्याकडे आला. "दत्त्या, तू चाळीतल्या सगळ्यांचे आवाज काढतोस ना?"

"काढतो की."

"मग आमचे काढ!"

सकाळी मी मोकळाच असायचो. म्हटलं, टीममध्ये कुठून का होईना, घुसायला तर मिळतंय. झकास!

*

बाकीच्या तासांना कुणीही कुणाचीही हजेरी द्यायचं. खरा घाट होता अर्थशास्त्राच्या देवस्थळी सरांचा. ते नंबर पुकारायचे आणि हजेरीपटातून मान वर काढायचे नाहीत, पण कान असे तिखट की शेवटच्या बाकावर शेंग फोडली तर तिच्यात दाणे किती ते सांगतील.

मी पाच आवाज बसवले. सतरा नंबर सुऱ्या, त्याचा घोगरा. तेवीस बाबल्या, आमचा गोलकीपर, त्याचा नाकातला. वाट लागली ती बासष्ट आणि त्रेसष्टला. लागोपाठचे नंबर, दोघेही आमचेच! पहिल्याच दिवशी दोन्ही "येस सर" एकाच आवाजात निघाले. सरांचं पेन थांबलं. मी घाबरून खोकलो.

"सिक्स्टी थ्री, अडुळसा घ्या," सर म्हणाले आणि पुढे गेले.

झालं! तेव्हापासून त्रेसष्टला कायमचा खोकला. चार महिने मी त्या नंबराला इमानाने खोकत होतो. एक दिवस मैदानात चिखल म्हणून प्रॅक्टिस रद्द झाली आणि खरा त्रेसष्ट, आमचा मोहन, स्वतः तासाला आला. नंबर पुकारल्यावर खणखणीत ओरडला, "येस सर!"

सरांनी विचारलं, "वा! खोकला गेला वाटतं?"

मोहनला कशाचाच पत्ता नाही. शेजारी बसलेला बाबल्याच मालवणीत म्हणाला, "कोणाचो खोकलो, सर?"

*

एकदा सरांनी मान वर काढलीच. "सेव्हन्टीन, उभे राहा. मागणी वाढली की किमतीचं काय होतं?"

उभा कोण राहणार? मीच! रोज बसून बसून कानावर पडलं होतं, तेच सांगितलं. वर आमच्या कोळीणबाईंचं उदाहरण दिलं. संकष्टीच्या दिवशी तिचे बांगडे कसे पडून राहतात आणि दुसऱ्या दिवशी ती कशी डोळे वटारून भाव सांगते. सर खूश!

"सुरेश, त्या फुटबॉलवाल्यांत डोकं वापरणारा तू एकटा आहेस."

मी धावत मैदानावर गेलो सुऱ्याला सांगायला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मास्तर मला चांगलं म्हणाला होता. नाव दुसऱ्याचं होतं, पण चालायचंच.

सुऱ्याने ऐकून डोक्याला हात लावला. "तुला बरोबर उत्तर द्यायला कुणी सांगितलं रे? आता परीक्षेत मी काय करू?"

तो त्या विषयात नापास झाला. नापास होण्यात त्याने माझ्याशी बरोबरी केली, असं म्हणायला हरकत नाही!

*

दुसऱ्या वर्षी मला ताप आला. वर्गात एक माणूस नाही आणि पटावर पाच गैरहजर! दुसऱ्या दिवशी पाचही जण माझ्या खोलीत हजर. किती महिन्यांनी आले होते! तोवर असं झालं होतं की भेटले तरी त्यांच्या विनोदांची सुरुवात मैदानावर झालेली असायची. पाच जण हसायचे, मी जरा उशिरा हसायचो.

बाबल्याने डबा उघडला. "आवशीन पेज दिल्यान, गप खा!" सुऱ्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होता. मोहन पाय चेपत होता. मधूनच सुऱ्याने हळूच विचारलं, "सोमवारपर्यंत उठशील ना रे?"

खोटं कशाला बोलू? ताप शनिवारी उतरला होता. मी गुरुवारपर्यंत पडून राहिलो. रोज यायचे ना!

*

त्या वर्षी कप आमचा. फायनल टाउनमध्ये, चार वाजता. मी मशीनवर. दिवेलागणीला आग्रा रोडवरून ट्रक आला. ढोल, ताशा, शिट्ट्या. कारखान्याच्या भिंतीपलीकडून आवाज लहानाचा मोठा झाला आणि मोठ्याचा लहान. मी आवाजावरून माणसं ओळखणारा. पाचही ओळखले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गोल सांगितला. पाच जणांनी पाच तऱ्हेचा! त्यातला चांगला चांगला भाग घेऊन मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माझा सहावा गोल सांगितला. सगळे डबे उघडे टाकून ऐकत होते. एक फिटर मात्र खरोखरच मॅच बघून आला होता. तो मधेच म्हणाला, "असं झालंच नाही!"

तर बाकीचे त्याच्या अंगावर गेले. "तू गप रे! दत्ता त्यांच्या टीममधला आहे!"

*

कपाबरोबर टीमचा फोटो काढायचा ठरला, कॉलेजच्या पायऱ्यांवर. मी भांगबिंग पाडून गेलो. बाबल्याने जागा केली, "ये रे, उभो रव."

मेंडोन्सा सर म्हणाले, "नो, नो. फोटोत फक्त विद्यार्थी. नियम आहे."

घ्या! पाच जणांची खोटी हजेरी चालते, एका माणसाचं खरं तोंड चालत नाही! सुऱ्या काहीतरी बोलेल असं वाटलं. तो भांग सारखा करत होता.

मी गपचूप कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला. "रेडी!" म्हणाला. आणि मी मेंडोन्सा सरांच्या आवाजात ओरडलो, "बॉइज, पँटची बटणं!"

एकच फोटो काढायचं ठरलं होतं. कितीतरी वर्षं तो जिमखान्यात लटकत होता. मध्ये कप, मागे चॅम्पियन टीम, आणि अकराच्या अकरा माना खाली!

*

आता शेवटचा. हा त्या फायनलच्याच दिवशी सकाळचा.

माझ्या तापाने घोळ करून ठेवला होता. हजेरीचा दाखला त्याच दिवशी दुपारी ऑफिसातून निघायचा होता आणि बाबल्या नेमका काठावर होता, आणि तो तर सकाळपासून शेवटच्या प्रॅक्टिसला. देवस्थळी सरांचा तो एक तास भरला तर पंच्याहत्तर टक्के, नाही भरला तर फायनलला गोलकीपर नाही. मी शनिवारीच उठलो असतो तर ही पाळीच आली नसती, पण हे बाबल्याला कधी सांगितलं नाही.

मी वर्गात शिरलो आणि दारातच थबकलो. वर्गात कुणीच नाही! सगळं कॉलेज ट्रक सजवायला आणि ढोल जमवायला गेलेलं. नेहमीच्या बाकावर जाऊन बसलो. पळावं तर बाबल्याचा तास बुडतो. बसावं तर पाच आवाज आणि तोंड एकच!

घंटा झाली. देवस्थळी सर आले. रिकाम्या वर्गाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खुर्चीत बसले आणि हजेरीपट उघडला.

"वन." थांबले. खूण केली. "टू." थांबले. प्रत्येक नंबर पुकारत होते! आणि त्या दिवशी मान खाली नव्हती. दर नंबराला चष्म्यातून सरळ माझ्याकडे बघत होते.

"सेव्हन्टीन."

"येस सर," मी सुऱ्याच्या आवाजात म्हटलं. सुऱ्या म्हणून ते मला ओळखतच होते. तिथवर ठीक होतं.

"ट्वेन्टी थ्री."

पंखा बंद होता. खाली कुठेतरी ताशा तापवत होते.

"ट्वेन्टी थ्री," सर पुन्हा म्हणाले.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि नाकातून म्हटलं, "येस सर."

त्यांनी खूण केली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग उरलेल्या तिघांचीही दिली. आता लाजायचं काय राहिलं होतं!

पट चौऱ्याऐंशीला संपायचा. दोन वर्षं रोज ऐकत होतो, मला पाठ होता. "एटी फोर," सर म्हणाले, थांबले, खूण केली. मी सुटकेचा श्वास घेतला.

सरांनी पट मिटला नाही. पेन तसंच धरून माझ्याकडे बघत होते.

"एटी फाइव्ह."

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"एटी फाइव्ह," सर पुन्हा म्हणाले. घाई नव्हती त्यांना.

मी तोंड उघडलं. अख्ख्या चाळीचे आवाज काढणारा मी. आवाजच निघेना.

मग सरांनी पटात सगळ्यात खाली काहीतरी मांडलं. हजर की गैरहजर, ते माझ्या बाकावरून दिसलं नाही. पट मिटला, उठले, फळा पुसला आणि पूर्ण तास शिकवला.