वकिलाची फी कोणी भरायची?

कोर्टात निकाल लवकर लागत नाही, किस्से मात्र दर तारखेला जमतात. यवतमाळच्या कोर्टातल्या एका बाकड्यावर आम्ही फारकतीवाल्या बाया बसतो. कधी जज साहेब सुट्टीवर, कधी वकील दुसऱ्या कोर्टात, कधी समोरची पार्टीच गायब. मग बसून करायचं काय? बोलायचं.

माझी केस नवऱ्याने टाकली. फारकत मलाही चालते, पण रिकाम्या हाताने नाही. त्याच्याजवळ वकील, माझ्याजवळ एसटीच्या तिकिटापुरते पैसे. म्हणून माझ्या वकीलबाईने अर्ज केला, की केसचा खर्च नवऱ्यानेच द्यावा. मंजूर झाला तर माझ्या बाजूने कोणी बोलेल. नाही तर तो म्हणेल तिथे सही करा आणि घरी जा.

*

मी सध्या बाभुळगावला भावाकडे राहते. त्याला हा अर्ज समजावता समजावता माझं डोकं दुखलं. तो म्हणे, "त्याच्याच पैशानं त्याच्याशीच भांडाचं? तो काय येडा हाय का पैसे द्याले?"

मी म्हटलं, "शाहना असता तं केस कायले टाकली असती?"

*

आमच्या बाकड्यावरची शोभा राळेगावची. तिचा असाच अर्ज माझ्या आधी मंजूर झाला. नवऱ्याने चरफडत तिच्या वकिलाची फी भरली. पुढच्या तारखेला तो सरळ त्या वकिलाच्याच मागे येऊन बसला. वकील उठले, हा माणूस दारू पिऊन बायकोला मारतो असं सांगायला लागले, तर याने मागून त्यांचा कोट ओढला.

"वकील साहेब, पैसे मी देल्ले ना? मंग जरा सांभाळून बोला!"

*

शोभाच्याच नवऱ्याला कोर्टाने सांगितलं, बायकोला खावटी, म्हणजे पोटगीचे पैसे द्या. पुढच्या तारखेला गडी ऑटोतून ज्वारीचं पोतं घेऊन हजर. शिपाई म्हणाला, हे काय आणलं?

"साहेबानं खावटी द्या म्हटलं. मंग खायाचंच आनलं ना!"

शोभाने ज्वारी ठेवून घेतली. पैसेही सोडले नाहीत.

*

आम्हा नवराबायकोला एकदा समजूत घालायला एका मॅडमपुढे बसवलं. मॅडम नवीन होत्या, जीव लावून बोलत होत्या. त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, बायकोची आठवण येते का?

"येते ना मॅडम," तो म्हणाला. "वावरातल्या निंदनाच्या टायमाले लय येते."

मॅडमनी फाईल मिटली. मीही पदर सावरून उठली.

*

माझ्या अर्जावर एकदाची सुनावणी झाली. त्याच्या वकिलाचं म्हणणं, बाई धडधाकट आहे, लोकांचा कापूस वेचून कमावते, स्वतःची फी स्वतः भरू शकते. पटत नसेल तर नवऱ्यालाच विचारा.

नवरा उभा राहिला. कधी नव्हे ते माझं कौतुक करायला लागला. "साहेब, हे भल्ली कामाची बाई हाय. वावर माह्या नावचं, पन निंदन, खत, येचनी, सारं हेच करे. मी तं वावराकडं फिरकतबी नोतो."

जज साहेबांनी पेन खाली ठेवला. "मग तुमच्या वकिलांची फी कुठून दिली?"

"कापूस इकला ना साहेब. मांगच्या हंगामाचा घरात भरून होता."

"तो कोणी वेचला होता?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "हिनंच."

त्याचा वकील खोकला. टायपिंगवाल्या बाईचे हात थांबले. तिने साहेबांकडे पाहिलं.

"लिहा," साहेब म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर त्याचा वकील लाल तोंड करून त्याची वाट पाहत होता. नवरा त्याला वळसा घालून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला,

"काय वं, मी बराबर बोललो ना?"