चिखलात चालवून पाहिलेला कॅमेरा

अर्जुनी मोरगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. या धंद्याला मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याची काडीचीही गरज नाही, हे मला ठाऊक होतं आणि बायकोने ते दिवसातून तीनदा ऐकवलंही. पण मला तो हवा होता तिच्याच वडिलांसाठी.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी मामाजींच्या डोळ्यांच्या पडद्याला दुखणं लागलं. समोरचं सगळं पुसट, कडेचं तेवढं दिसतं. उपाय नाही असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. काही बघायचं तर वस्तू नाकाला लावून, मान वाकडी करून बघतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहूनही स्वतःचं धान दिसेना, तेव्हा त्यांनी शेतात जाणंच सोडलं. ज्या माणसाचा आवाज तलावाच्या पाळीपलीकडे जायचा, तो घरासमोरच्या छपरीत मुका बसून राहू लागला. मला ते बघवत नव्हतं. मी ठरवलं, त्यांच्या सहाही बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, दाराएवढ्या फोटोत आणायच्या, नाक लावलं तरी रोप न् रोप वेगळं दिसेल अशा. माझ्या लग्नाच्या कॅमेऱ्याचा फोटो एवढा ताणला की त्याचं पिठलं होतं. मिडियम फॉरमॅटचा सेन्सर मोठा, त्याचा फोटो ताण सोसतो. नवा घेणं बापजन्मात जमलं नसतं, म्हणून वापरलेला शोधू लागलो.

रायपूरचा एक फोटोग्राफर आपला जाहिरातींचा स्टुडिओ बंद करत होता. त्याच्याकडे दोन संच होते. एक जुना, मागे वेगळा डिजिटल बॅक लावायचा, विटेसारखा जड. दुसरा अलीकडचा, आटोपशीर. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर भेटायचं ठरलं. मामाजी म्हणाले, "मीबी येतो." दिसत नाही तर येऊन काय करता, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

ढाब्यावर मी जुन्यावर साफ भाळलो. टोपलीतल्या मिरच्या, उभे ट्रक, काय रंग उतरले होते त्याच्यात. शटर किती चाललंय, लेन्समध्ये बुरशी आहे का, सगळं तपासलं. दुसरा तर मला खेळणंच वाटला. "हाच घेतो," मी म्हणालो.

"चिखलात चालवून पाह्यला का?" मामाजींनी विचारलं.

त्यांनी जन्मभर बैल घेतले ते एकाच रीतीने. बाजारात दात बघायचे, खूर बघायचे, पण सौदा तिथे तोडायचा नाही. मालकाला बैलासकट घरी आणायचं, जेवू घालायचं, आणि सकाळी चिखलाच्या बांधीत बैल जुंपून बघायचा. "कोरड्या सडकेवर लंगडाबी चांगलाच चालते," ते म्हणाले. माझं डोकंच फिरलं. परक्या माणसासमोर ही काय शोभा? पण तो हसला नाही. "बाबूजी सही बोल रहे हैं," म्हणाला, आणि दोन्ही पेट्या घेऊन आमच्या गाडीमागोमाग माझ्या सासुरवाडीला आला.

संध्याकाळी जेवताना मेहुण्याचं कालव्याच्या नावाने रडगाणं सुरू होतं. थंडी सरता सरता होते ती उन्हाळी धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. "नहराचं पाणी कमी येऊन राह्यलं, बांधीत टिकतच नाही," असं तो पाहुण्यालाच सांगत बसला. मामाजी नुसते जेवत होते.

सकाळी दाट धुकं होतं. पाळीवर ट्रायपॉड लावला, जुन्याने फोटो घेतला, लॅपटॉपवर उघडला. फोटोच्या बरोबर मधून उभी रेघ. डावीकडचं धुकं एका छटेचं, उजवीकडचं दुसऱ्या. त्या बॅकमधला सेन्सर दोन अर्ध्या भागांत काम करतो. ते भाग जुळेनासे झाले की सपाट करड्या रंगात सांधा उघडा पडतो. मिरच्या-ट्रकांच्या गर्दीत तो लपला होता. माझ्या फोटोत तर पाणी आणि आभाळच जास्त येणार, तिथे तो लपला नसता. "स्टुडियो में तो कभी दिखा ही नहीं," तो माणूस ओशाळून म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

"का झालं?" मामाजींनी विचारलं. मी सांगितलं.

"जवाई, तुमाले बाजारात पाठवलं तं शिंगं रंगवलेलाच बैल आणान."

धुकं विरल्यावर त्या खेळण्याने सहाही बांध्यांचा फोटो काढला. कोपऱ्यातल्या रोपाचं पातंसुद्धा तासल्यासारखं आलं. तोच घेतला. ढाब्यावरच जुना माझ्या गळ्यात मारून तो रायपूरचा माणूस निघून जाऊ शकला असता. तो आला, राहिला, आपल्याच मालाची खोट डोळ्यांसमोर उघडी पडू दिली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आठ-दहा दिवसांनी नागपूरहून प्रिंट आली. छपरीत टांगली. मामाजी उठले, भिंतीला नाक लावलं, मान वाकडी करून एकेक धुरा चाचपत सरकू लागले. पहिली बांधी झाली, दुसरी झाली, तिसरी. कुठेच थांबेनात. वाटलं, सगळं पाण्यात गेलं. चौथीपाशी ते थांबले आणि एका जागी बोट टेकवलं.

"धुऱ्याच्या भाईर, बुडाशी पाणी चमकून राह्यलं," ते म्हणाले. मग पोराकडे वळले. "खेकड्यानं भोक पाडलं तिथं. नहराले कायले दोष देऊन राह्यला बे?"

मेहुणा फावडं घेऊन गेला. अर्ध्या तासाने परतला तो कोपरापर्यंत चिखलात. भोक होतं, मूठ जाईल एवढं.

मग आमच्या दोघांचीही बिनपाण्याने हजामत झाली. "आन् जवाई, तुमी तं तिथंच उभे होते. डोळे चांगले हायेत ना तुमचे?" मी कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. त्या दिवशी सगळं ऐकलं, आणि चांगले डोळे भरून आले म्हणून खाली बघत राहिलो. तीन वर्षांनी मामाजी आपल्या बांधीत उभं राहून भांडत होते, आणि त्यांचा आवाज पाळीपलीकडे जात होता.