आखडलेली बोटं

हिंगोलीतल्या एका छोट्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाताचे पेशंट माझ्यापुढे तासभर बसतात आणि बोटांआधी त्यांची तोंडं मोकळी होतात. किस्से मी जमवले नाहीत, ते साचत गेले. हे तीन एकाच आजाराचे. नाव ड्युपिट्रन्स. तळहाताच्या कातडीखाली दोरीसारखा पट्टा तयार होतो आणि करंगळी, तिच्या शेजारचं बोट आत ओढून धरतो. फारसं दुखत नाही, म्हणून लोक उशिरा येतात.

पुसेगावचे एक रिटायर्ड मास्तर मात्र लवकर आले. वडिलांची, थोरल्या भावाची बोटं अशीच गेलेली. आमच्या डॉक्टरांनी त्यांचा हात टेबलावर पालथा ठेवायला लावला. तळवा पूर्ण टेकला.

"आत्ता काहीच करायचं नाही. टेकायचा थांबला की या."

मास्तर हाताकडे बघत राहिले. "म्हंजे रोज टेबलावर हात ठेवून वाट पाह्यची?"

पुढच्या वेळी त्यांच्या बायकोनं सांगितलं, "जेवायला बसले तरी आधी हात टेकवून पाह्यतात."

आखाडा बाळापूरच्या एका जीप ड्रायव्हरचं काम सुईवर भागलं. तळहात बधिर करून डॉक्टरांनी सुईच्या टोकानं पट्टा तोडला, बोट तिथल्या तिथं सरळ! तेव्हाच बजावलं होतं, हे परत येऊ शकतं. काही वर्षांनी तो तेच बोट वाकडं घेऊन आला. मला वाईट वाटलं. तोच मला म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. पोरगं पुण्याला गेलं ते येत न्हाई. हे तरी बराबर आलं."

आणि सेनगावकडचे किसनबाबा. शेळ्या राखायचे. तोंड धुताना वाकलेलं बोट डोळ्यात जायचं, पण त्याची तक्रार नव्हती.

"भाकर थापता आली पाह्यजे," म्हणाले. बायकोला लकवा झालेला. "तिचे हात गेले. माझे तरी चालले पाह्यजेत."

डॉक्टर म्हणाले, "फार जुनं आहे, सुईनं भागणार नाही. ऑपरेशन करून पट्टा काढावा लागेल. तरी बोट पूर्ण सरळ होईलच असं नाही."

"टेकलं तरी पुरे."

ऑपरेशन झालं. टाके काढायला आले तेव्हा बाबांच्या डोक्यावर केस नव्हते.

"ती गेली," एवढंच बोलले आणि हात पुढं केला.

मला वाटलं, आता येणं बंद करतील. पण एकही खेप चुकवली नाही. रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपायचे, सांगितलेलं सगळं करायचे. हात छान उघडला. एकदा मी विचारलं, "बाबा, घरी व्यायाम कोणता करता?"

"भाकरी थापतो. रोज."

"जमतात?"

"गोल होतात आता."

"मग जेवण नीट होतं म्हणायचं."

"त्या शेळ्यांना घालतो," बाबा म्हणाले. "मला शेजारीण देते भाकर."