'एजेस अगो' म्हणजे नक्की कधी

नवऱ्याची सायकल देऊन टाकायचं ठरवलं, तेव्हा त्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. पुण्याहून इथं नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला नुकतंच आलेलं एक जोडपं ती न्यायला झूटरमेरला आमच्याकडे आलं. त्यातल्या तरुणानं पेडल फिरवून पाहिलं आणि सायकल कधीची आहे, असं सहज विचारलं. मी काही बोलायच्या आत माझी लेक म्हणाली, "बाबानं घेतली होती. एजेस अगो." मग 'बॅक इन द डे' तो हिच्यावरूनच आपल्याबरोबर पोहण्याच्या क्लासला यायचा, हेही तिनं इंग्रजीत सांगितलं.

सायकल आम्ही दोन उन्हाळ्यांपूर्वी घेतली होती.

ती माणसं गेल्यावर मी कपबश्या विसळायला घेतल्या. मी इंग्रजी साहित्य शिकलेली. केस कापून महिना झाला तरी लोक 'एजेस अगो' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. 'बॅक इन द डे'मध्ये तर माया असते, आपण 'आमच्या वेळी' म्हणतो तशी. पण ती यायला मध्ये पुष्कळ वर्षं जावी लागतात. आणि या सगळ्याच्या पलीकडे 'टाइम इमेमोरियल', म्हणजे कुणाचीच आठवण पोचत नाही असा काळ. लेक बापाला त्याच वाटेनं नेते आहे, अशी भीती मला वाटली. बारा वर्षांच्या पोरीची आठवण ती केवढी.

शेवटी न राहवून तिला समजावू लागले. हे शब्द आजोबा-पणजोबांच्या काळासाठी, बाबासाठी 'लास्ट विंटर'च्या मागे फार जायला नको. माझा सूर शिकवणीचा झाला होता. तिनं मोबाइल पालथा ठेवला. एरवी ती मला इंग्रजीत नाहीतर डचमध्ये उत्तर देते. या वेळी शब्द शोधत मराठीत बोलली.

"लास्ट विंटर म्हटलं ना आई, की बाबा हॉस्पिटलमध्येच असतो. एजेस अगो म्हटलं की तो सायकल चालवतो."

मी हातातला कप पुन्हा नळाखाली धरला.

"तू पण सांग ना एक," ती म्हणाली.

मी 'फार पूर्वी तुझा बाबा' इथवर आले आणि डोळ्यांसमोर ती खाट, त्या नळ्याच आल्या. लेक थांबली होती. मग तिनं फडकं घेऊन कप पुसायला सुरुवात केली आणि मी पुढचं वाक्य शोधत तशीच उभी राहिले.